शेवाळ खाणारे सागरी प्राणी: सहा वर्षांच्या नोंदींवरून केलेले परीक्षण

खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ माजल्याची तक्रार घेऊन दुकानात गेले की बहुतेक ठिकाणी एकच तयार संच पुढे केला जातो: वीस-पंचवीस गोगलगायी, दहा-बारा हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) आणि टाकी मोठी असेल तर एखादा टँग मासा. ठाण्यातील आमच्या घरी सहा वर्षांपासून १२० सेंटिमीटर लांबीची, सुमारे ३५० लिटर पाण्याची टाकी आहे. तिच्यासाठी असा संच मी एकदा जसाच्या तसा विकत घेतला आणि त्यातील निम्म्याहून अधिक प्राणी तीन महिन्यांच्या आत मेले. त्यानंतर एका वेळी एकच जात आणायची, तिची नोंद ठेवायची आणि मगच पुढच्या जातीचा विचार करायचा, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. हे परीक्षण त्या नोंदींवरून लिहिले आहे. प्रत्येक प्राण्याबाबत मी दोन प्रश्न विचारते: माझ्या टाकीतले नेमके कोणते शेवाळ हा खातो, आणि ते संपल्यावर हा काय खाऊन जगणार? दुसरा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच कोणाच्या मनात येतो आणि विकत घेतलेले प्राणी पुढे मरतात ते फार वेळा त्याच कारणाने.

आमची टाकी मासे आणि खडक यांची आहे. जिवंत पोवळी मी ठेवत नाही. खडक बांधणारी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि आपल्या समुद्रातून काढलेले पोवळ्यांचे खडक घरात असावेत असे मला वाटत नाही. खडक कृत्रिम आहेत आणि त्यांवर जे काही जिवंत आहे ते टाकीतच वाढले आहे. पोवळ्यांची टाकी असणाऱ्या वाचकांनी खालील काही प्राणी, विशेषतः खेकडे आणि सशासारखे तोंड असलेला फॉक्सफेस मासा, अधिक सावधपणे निवडावेत, कारण त्यांपैकी काही जण पोवळ्यांनाही चावे घेतात.

प्राणी निवडण्यापूर्वी शेवाळ ओळखावे लागते. नव्या टाकीत पहिल्या दोन-तीन महिन्यांत काचेवर आणि वाळूवर पसरणारा तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर डायटमचा, म्हणजे सूक्ष्म एकपेशी शेवाळाचा असतो. पाण्यातील सिलिकेट संपत आले की तो आपोआप ओसरतो. त्याच्यासाठी घाईने प्राणी आणणे म्हणजे महिन्याभराच्या अन्नावर वर्षानुवर्षे जगणारे पाहुणे बोलावणे आहे. काचेवरचा हिरवा पातळ थर हे गोगलगायींचे खरे अन्न. खडकावर केसांसारखे वाढणारे लांब शेवाळ, पक्ष्याच्या पिसासारख्या फांद्यांचे ब्रायोप्सिस आणि हिरव्या मण्यांसारखे व्हॅलोनिया हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. वाळूवर लालसर-जांभळी, चिकट साय धरली असेल तर ते शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू असतात आणि त्यांना आवडीने खाणारा प्राणी दुकानात मिळत नाही. तपकिरी, तारा सुटणारी, हवेचे बुडबुडे अडकलेली लाळ दिसली तर ती डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशी जीवांची असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्यातील काही जाती विषारी असून ती लाळ खाणाऱ्या गोगलगायी मरतात. आमच्या टाकीत एकदा चार दिवसांत पाच गोगलगायी उलट्या पडलेल्या आढळल्या, त्याचे कारण हेच होते, आणि मी मात्र आठवडाभर दुकानातून निकृष्ट माल आला असे समजत होते.

गोगलगायींमध्ये माझी पहिली पसंती ट्रोकस जातीला आहे. शंकूच्या आकाराचा, पट्टेदार, तीन-चार सेंटिमीटरचा शंख असलेला हा प्राणी दिवसा खडकाच्या सावलीत बसतो आणि दिवे मालवले की काचेवर येतो. गोगलगायीच्या जिभेवर अतिसूक्ष्म दातांची पट्टी असते आणि तिने शेवाळ खरवडत जाताना काचेवर नागमोडी स्वच्छ वाट उमटते. सकाळी त्या वाटा पाहून किती प्राण्यांनी किती काम केले याचा अंदाज येतो. दहा ट्रोकसांनी आमच्या समोरच्या काचेची सफाई आठवड्यातून तीनदा करावी लागत होती ती एकदावर आणली. ट्रोकसचा दुसरा मोठा गुण म्हणजे उलटा पडला तर तो स्वतः सरळ होऊ शकतो. तिसरा गुण असा की तो घरच्या टाकीतही प्रजनन करतो: नर आणि मादी पाण्यातच बीज सोडतात, काही तास पाणी धुरकट दिसते आणि दोन-तीन महिन्यांनी खालच्या सम्पमध्ये (मुख्य टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) मोहरीएवढी पिल्ले सापडू लागतात. आमच्याकडे हे दोनदा घडले. खरेदी करताना एक पथ्य पाळावे. अंदमानात मिळणारी ट्रोकस निलोटिकस ही मोठी जात, जिच्या शंखांपासून पूर्वी बटणे बनवली जात, कायद्याने संरक्षित आहे. त्यामुळे मूठभर आकाराचे ट्रोकस कोणी देऊ केले तर ते घेऊ नयेत आणि लहान ट्रोकस कोठून आले, संवर्धन केलेले आहेत का, हे विचारावे.

अ‍ॅस्ट्रिया ही कॅरिबियन समुद्रातील गोगलगाय शेवाळ खाण्यात ट्रोकसच्या बरोबरीची आहे. डायटमचा थर ती कदाचित अधिक नेटाने साफ करते. परंतु तिचा शंख उंच आणि टोकदार असल्यामुळे वाळूवर पडली तर तिला सरळ होता येत नाही. घरात रोज सकाळी टाकी पाहणारे कोणी असेल तरच ती घ्यावी. आम्ही दिवाळीत पाच दिवस गावी गेलो आणि परतल्यावर सहांपैकी चार अ‍ॅस्ट्रिया वाळूवर मेलेल्या होत्या. हा दोष प्राण्याचा नाही, पण ज्या घरात कोणी नियमित लक्ष ठेवू शकत नाही तेथे तो मृत्यूचे कारण ठरतो.

मोठा टर्बो हा केसाळ शेवाळाचा खरा भोक्ता. मेक्सिकन टर्बो या नावाने विकली जाणारी जात कॅलिफोर्नियाच्या आखातातील, तुलनेने थंड पाण्यातली आहे आणि ज्यांच्याकडे चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) नाही त्यांनी तिचा विचार करू नये. मे महिन्यात चिलर बंद पडला तेव्हा आमच्या टाकीचे पाणी ३१ अंशांपर्यंत गेले होते आणि सर्वांत आधी सुस्त झाले ते टर्बोच. एरवी आम्ही पाणी २६ अंशांवर ठेवतो. टर्बो ताकदवान असतो, नीट न चिकटवलेले दगड तो ढकलून पाडतो, आणि मेला तर त्याच्या आकारामुळे पाण्यातील अमोनिया लगेच वाढतो. एखादा टर्बो दोन दिवस जागचा हलला नाही तर त्याला उचलून वास घ्यावा. मेलेल्या गोगलगायीचा वास ओळखायला शिकावे लागत नाही. ३५० लिटरला दोन टर्बो पुरेसे आहेत. मला दुकानात आठ सुचवले गेले होते.

सेरिथ ही लांबट, बारीक शंखाची गोगलगाय दिसायला साधी आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित राहते, पण वाळूचा थर निरोगी ठेवण्याचे काम तिच्याइतके चांगले मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिले नाही. दिवसा ती वाळूत पुरलेली असते, रात्री बाहेर येऊन वाळूवरचे आणि काचेच्या तळाशी, वाळूच्या रेषेवर धरणारे शेवाळ खाते, जेथे माझी चुंबकाची घासणी पोहोचत नाही. शेवाळ कमी झाले तर वाळूतील गाळावरही तिचे भागते. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला तिचे उत्तर सर्वांत समाधानकारक आहे. नॅसारियस गोगलगाय मात्र याच कामासाठी विकली जाते आणि ती शेवाळ खातच नाही. ती मांसाहारी आहे. माशांचे उरलेले खाद्य आणि मेलेले जीव ती संपवते, खाद्य पडताच वाळूतून एकदम वर येते, आणि त्या कामासाठी चार-पाच जरूर ठेवाव्यात, परंतु शेवाळाच्या हिशेबात त्यांना धरू नये.

नेराइट गोगलगायी कोकण किनाऱ्यावरील खडकांवर ओहोटीच्या वेळी सहज दिसतात, त्यामुळे त्या स्वतः वेचून आणाव्यात असा सल्ला अनेकांनी मला दिला. तो सल्ला मी मानला नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारा हा प्राणी पाण्याबाहेर चढण्याला सरावलेला असतो. दुकानातून आणलेल्या सहा नेराइटपैकी दोन मला टाकीमागच्या भिंतीजवळ वाळलेल्या सापडल्या. झाकण घट्ट असेल तर काच साफ करण्यात त्या उत्तम आहेत, मात्र काचेवर आणि पंपावर त्या पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी घालतात आणि ती ब्लेडनेच निघतात. किनाऱ्यावरून प्राणी उचलण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: मुंबईजवळच्या पाण्यात काय मिसळलेले असते ते आपल्याला ठाऊक आहे, आणि मालवणसारख्या ठिकाणी, जेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेथून काहीही उचलणे चूकच आहे.

हर्मिट खेकड्यांविषयी माझे मत काळाबरोबर बदलले. निळ्या पायांचे आणि लाल पायांचे असे दोन प्रकार बाजारात येतात. ते खडकांच्या फटींतून केसाळ शेवाळ उपटून खातात, जे गोगलगायींना जमत नाही, आणि लहान मुलांना तर टाकीतील कोणत्याही माशापेक्षा तेच अधिक आवडतात. परंतु ते सर्वभक्षी आहेत आणि वाढत्या अंगासाठी त्यांना मोठा शंख लागतो. रिकामा शंख मिळाला नाही तर ते जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख घेतात. पहिल्या संचातील माझ्या काही गोगलगायी अशाच गेल्या. आता दर खेकड्यामागे निरनिराळ्या आकारांचे तीन रिकामे शंख मी वाळूवर ठेवते आणि लाल पायांचे तीनच खेकडे आहेत. निळ्या पायांच्या तुलनेत ते शांत आहेत.

हिरवा एमराल्ड खेकडा एका विशिष्ट कामासाठी घ्यावा, ते म्हणजे व्हॅलोनिया. व्हॅलोनियाचा प्रत्येक हिरवा मणी ही एकच पेशी असते, आणि बहुतेक प्राणी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. आमच्या टाकीत मागच्या खडकावर चाळीस-पन्नास मणी झाले होते; मोठे मी हाताने काढले आणि उरलेले एका एमराल्ड खेकड्याने पाच आठवड्यांत संपवले. मणी संपल्यावर तो माशांच्या खाद्यावर जगू लागला आणि अंगाने वाढल्यावर रात्री तळाशी झोपणाऱ्या गोबी माशाच्या मागे लागला, तेव्हा त्याला सम्पमध्ये हलवावे लागले. तेथे तो अजून आहे. सॅली लाइटफूट खेकडा याहून चपळ आणि मोठेपणी याहून आक्रमक असतो. लहान मासे असलेल्या टाकीसाठी मी तो सुचवणार नाही.

अर्चिन या काटेरी, गोल सागरी प्राण्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण शेवाळावर त्याची सत्ता किती असते हे समुद्रानेच दाखवून दिले आहे. जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्याजवळ लांब काट्यांचे काळे डायडेमा अर्चिन मरू लागले आणि साधारण वर्षभरात ती साथ संपूर्ण कॅरिबियन समुद्रात पसरली. बहुतेक ठिकाणी नव्वद टक्क्यांहून अधिक अर्चिन नष्ट झाले. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच कमी झाले होते आणि १९८० च्या चक्रीवादळाने पोवळी मोडली होती. शेवटचा राखणदारही गेल्यावर तेथील खडक शेवाळाने झाकले गेले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस पन्नास टक्क्यांहून अधिक असलेले पोवळ्यांचे आच्छादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्या खाली आले. हवाईमधील कानेओहे उपसागरात उलट प्रयोग चालू आहे: बाहेरून आलेल्या शेवाळाचा नायनाट करण्यासाठी तेथे २०११ पासून हॅचरीत वाढवलेले ट्रिपन्यूस्टिस अर्चिन खडकांवर सोडले जातात.

घरच्या टाकीसाठी डायडेमा योग्य नाही. त्याचे काटे हात घालणाऱ्याला इजा करतात. निळ्या पट्ट्यांचा, आखूड काट्यांचा टक्सीडो अर्चिन मात्र मी मनापासून सुचवेन. आमचा एकच आहे, चार वर्षांचा, आणि खडकावरचे आखूड केसाळ शेवाळ मुळापासून खरवडणारा तो टाकीतला एकमेव प्राणी आहे. त्याच्या दोन सवयी माहीत असाव्यात. तो गुलाबी-जांभळे कोरॅलाइन शेवाळही खातो, त्यामुळे खडकावर पांढरे पट्टे दिसू लागतात, आणि अंगावर रिकामे शंख, खडे, सुटे झालेले प्लास्टिकचे तुकडे असे काहीही पांघरून फिरतो. शेवाळ अपुरे पडू लागले की त्याचे काटे गळू लागतात. तेव्हा त्याच्या अंगावरच नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) तुकडा ठेवावा, तो पायांनी धरून तोंडाकडे नेतो.

माशांपैकी लॉनमोअर ब्लेनी हा सर्वाधिक विकला जाणारा आणि, मला वाटते, सर्वाधिक उपाशी मरणारा मासा आहे. पहिला ब्लेनी मी टाकी चार महिन्यांची असताना आणला. त्याने खडक लखलखीत केले, मी आनंदले, आणि पुढच्या तीन महिन्यांत त्याचे पोट आत गेले. गोळ्यांच्या खाद्याला त्याने तोंड लावले नाही. तो मेला याची जबाबदारी माझी आहे. दुसरा ब्लेनी टाकी दोन वर्षांची झाल्यावर आणला, दुकानात तो खाद्य खाताना डोळ्यांनी पाहिला, आणि पहिल्या दिवसापासून काचेवर क्लिपला नोरी लावली. सुशीसाठी मिळणारी नोरी चालते, फक्त ती मीठ, तेल किंवा मसाला लावलेली नसावी. तो आज धष्टपुष्ट आहे. टँग आणि फॉक्सफेस हे केसाळ शेवाळाचे उत्तम चरणारे मासे आहेत, पण दोघेही वीस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे होतात, दिवसभर पोहतात आणि आमच्या टाकीत त्यांना ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर होतो, आणि त्यावरचे तांब्याचे औषध टाकीत घातले तर सगळ्या गोगलगायी, खेकडे आणि अर्चिन मरतात. आजारी माशावर वेगळ्या टाकीतच उपचार करावेत. फॉक्सफेसच्या पाठीवरचे काटे विषारी असतात, जाळी घालताना ते ध्यानात ठेवावे.

समुद्री ससा, म्हणजे डोलाबेला, हा शंख जवळजवळ नसलेला मोठा, मऊ अंगाचा प्राणी केसाळ शेवाळ ज्या वेगाने खातो तो वेग पाहून मी थक्क झाले: टाकीच्या डाव्या बाजूचा हातभर हिरवा गालिचा नऊ दिवसांत नाहीसा झाला. आणि तरीही तो विकत घेऊ नका असे मी सांगेन. शेवाळ संपले की तो दुसरे काही क्वचितच खातो आणि उपाशी मरतो. घाबरला तर जांभळा रंग सोडतो. पंपाच्या तोंडात ओढला गेला तर त्याच्याबरोबर इतर प्राणीही मरू शकतात. माझ्याकडे आलेला डोलाबेला एका परिचित हौशी कुटुंबाकडून उसना घेतलेला होता. पंपांच्या तोंडांना स्पंज बांधून त्याला तीन आठवडे ठेवले आणि मग तो डोंबिवलीच्या तिसऱ्या टाकीत गेला. चार-पाच घरांनी मिळून असा एक प्राणी फिरता ठेवला तरच त्याचे पोट भरते.

वाळू साफ करण्यासाठी समुद्री काकडी देऊ करणारे विक्रेते मला दोनदा भेटले. आपल्या देशात समुद्री काकड्या २००१ पासून संरक्षित आहेत. त्या घेऊ नयेत आणि विकणाऱ्याला तसे सांगावे.

आता पहिल्या संचाचे निम्मे प्राणी का मेले ते सांगते, कारण त्यात निवडीपेक्षा आणण्याच्या रीतीचा दोष अधिक होता. अनेक दुकाने मासे कमी क्षारतेच्या पाण्यात ठेवतात. परजीवी कमी होतात आणि मीठही वाचते. त्या दुकानाच्या पिशवीतील पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०१९ होते, आमच्या टाकीचे १.०२५. मासे हा फरक काही प्रमाणात सोसतात, गोगलगायी आणि अर्चिन सोसू शकत नाहीत. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून मी प्राणी सोडले, आणि त्यांतील अनेक त्यानंतर काचेवर चढलेच नाहीत. आता मी प्रत्येक पिशवीतील पाणी रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजणाऱ्या उपकरणाने) मोजते आणि हवेच्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने टाकीचे पाणी बादलीत सोडत दोन ते तीन तासांनी प्राणी आत सोडते. ही रीत सुरू केल्यापासून पहिल्या आठवड्यातील मृत्यू जवळजवळ थांबले आहेत.

प्राण्यांकडून किती अपेक्षा करावी याचेही एक माप आहे. टाकीत नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.३ मिलिग्रॅम असताना कितीही गोगलगायी आणल्या तरी शेवाळ त्यांच्या पुढे धावत होते, कारण त्या जे खातात त्याचा मोठा भाग विष्ठेच्या रूपाने पाण्यातच परत येतो. खाद्य कमी केले, नळाच्या पाण्याऐवजी आरओचे पाणी वापरले, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना खडकांमागचा गाळ नळीने ओढून काढला आणि सम्पमध्ये कीटोमॉर्फा या शेवाळाचा पुंजका वाढवून दर महिन्याला तो मूठभर उपटून फेकला, तेव्हा चार महिन्यांत नायट्रेट १० वर आणि फॉस्फेट ०.०८ वर आले. लांब वाढलेले केसाळ शेवाळ बहुतेक गोगलगायी खात नाहीत. ते आधी हाताने उपटून किंवा जुन्या टूथब्रशने घासून सेंटिमीटरभर ठेवावे लागते, त्यानंतर ते आखूड ठेवण्याचे काम प्राणी करतात.

सध्या आमच्या टाकीत बारा ट्रोकस, पंधरा सेरिथ, दोन टर्बो, चार नॅसारियस, तीन लाल पायांचे हर्मिट, एक टक्सीडो अर्चिन आणि एक ब्लेनी आहे. याच आकाराच्या नव्या टाकीसाठी कोणी विचारले तर मी सहा ट्रोकस आणि सहा सेरिथ घ्यायला सांगेन, तेही डायटमचा थर ओसरून हिरवा थर दिसू लागल्यावर. अर्चिन आणि ब्लेनी यांना वर्षभर थांबवावे.